वडिलांचं सीजीएचएस चालू आहे, तरी सोसायटीच्या शिबिरात वय वंदना कार्ड काढावं का?

मानपाडा_ठाणे

नमस्कार. येत्या रविवारी आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये ७० वर्षांवरच्यांसाठीच्या आयुष्मान वय वंदना कार्डाचं शिबिर आहे. "आधार आणि मोबाइल घेऊन या, पाच लाखांचा विमा फुकट" असा मेसेज ग्रुपवर फिरतोय. वडील ७१ वर्षांचे, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, सीजीएचएसचं (केंद्र सरकारी कर्मचारी आणि पेन्शनरांची आरोग्य योजना) आजन्म कार्ड आहे. आई ६७ वर्षांची, तिचं कार्ड वडिलांवर अवलंबून म्हणून. वडिलांना डायबिटीस आणि बीपी, आईला थायरॉइड आणि गुडघेदुखी. दोघांच्या गोळ्या सीजीएचएसच्या डिस्पेन्सरीतूनच येतात.

दोन्ही कार्डं ठेवता येतात का? नसतील तर कुठलं ठेवावं? आईचं वय वंदनात होईल का? आणि वडिलांचे एक मित्र वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून निवृत्त झालेत, वय ६६, त्यांच्याकडे यातलं काहीच नाही. त्यांनी काय करावं?

---

पेन्शनखिडकी

दोन्ही नाही ठेवता येत. वय वंदना २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली तेव्हाच हे स्पष्ट केलं होतं: सीजीएचएस, माजी सैनिकांची ईसीएचएस किंवा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची आयुष्मान योजना यांपैकी काही असेल, तर ते किंवा वय वंदना, दोन्हींतलं एकच. निवड एकदाच करायची आहे. नोंदणी करताना "दुसऱ्या सरकारी योजनेचा लाभ घेत आहात का" हे विचारून घोषणापत्र घेतात. शिबिरातली मुलं घाईत असतात, त्या चौकोनात टिक त्यांनीच मारून टाकू नये. म्हणून रविवारी वडिलांचं आधार खिशातच राहू द्या.

आता कुठलं ठेवायचं. तुमच्या घरच्या परिस्थितीत सीजीएचएस, यात मला तरी शंका नाही. कारण दोन्ही योजना मुळात वेगळ्या कामाच्या आहेत. वय वंदना ही अ‍ॅडमिट झाल्यावरची योजना आहे. भरती होण्याआधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस त्यात धरतात, बाकी ओपीडी नाही. डायबिटीसच्या महिन्याच्या गोळ्या, शुगरच्या तपासण्या, थायरॉइडची गोळी, डोळ्यांच्या डॉक्टरची फी, यातलं काही मिळत नाही. वडिलांचा खर्च तर तिथेच आहे. सीजीएचएसमध्ये जुनाट आजाराच्या गोळ्या एका वेळी तीन महिन्यांपर्यंतच्या मिळतात, आणि डिस्पेन्सरीत नसलेलं औषध इंडेंट करून ठरलेल्या केमिस्टकडून मागवून देतात.

दुसरा फरक मर्यादेचा. वय वंदनाचे पाच लाख हे एका कुटुंबातल्या ७० वर्षांवरच्या सगळ्यांत मिळून, दरवर्षी. नवरा-बायको दोघंही सत्तरीपार असले, तरी दोघांत पाचच. सीजीएचएसला वार्षिक मर्यादा नाही. पॅकेजचे दर ठरलेले असतात आणि पेन्शनरांना पॅनेलवरच्या (सीजीएचएसशी करार असलेल्या) हॉस्पिटलात उपचार कॅशलेस मिळायला हवेत.

आईचं वय वंदना होणार नाही, आधारवर ७० पूर्ण लागतात. आणि तिचं सीजीएचएस कार्ड वडिलांच्या कार्डावर उभं आहे. मुख्य कार्डधारकानेच दुसरी योजना निवडली, तर गुडघ्यांचं ऑपरेशन समोर असलेली ६७ वर्षांची बाई अधांतरी राहील. पाच लाखांच्या मेसेजमध्ये ही ओळ कधीच नसते.

---

कोपरी_पूर्व

वरच्या उत्तराशी सहमत, पण "कॅशलेस मिळायला हवेत" या शब्दांत बरंच लपलंय. कागदावर हक्क असतो, कॅश काउंटरवर भांडण असतं. ठाण्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "सीजीएचएसचा बेड नाही, डिपॉझिट भरा, नंतर रिइम्बर्स होईल". अशा वेळी लोक मुकाट्याने कार्ड स्वाइप करतात आणि मग सहा महिने कागद गोळा करत बसतात. पॅनेलवर असलेलं हॉस्पिटल पेन्शनरला क्रेडिट नाकारू शकत नाही. लेखी मागा: "बेड नाही असं लेटरहेडवर द्या." पुष्कळदा त्या एका वाक्यावर बेड निघतो.

आणखी एक सोय बऱ्याच जणांना माहीत नाही. २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सीजीएचएस कार्डधारकांना पॅनेलवरच्या हॉस्पिटलातल्या स्पेशालिस्टकडे रेफरलशिवाय थेट जाता येतं. आधी ही अट ७५ ची होती. म्हणजे मानपाड्याहून वडिलांना केवळ एका चिठ्ठीसाठी रिक्षा करून डिस्पेन्सरीत नेण्याची गरज नाही. आई मात्र ६७ ची, तिला रेफरल लागेल. ते रेफरल तीन महिने चालतं, तेवढ्यात तीन वेगवेगळ्या स्पेशालिस्टकडे मिळून सहा वेळा दाखवता येतं. म्हणून डॉक्टरांना "ऑर्थो" एवढंच लिहून घेऊ नका. गुडघ्यांबरोबर ऑपरेशनआधीचं फिजिशियनचं मतही लागणार असेल, तर ते आधीच सांगा.

स्पेशालिस्टने लिहून दिलेल्या गोळ्या परत डिस्पेन्सरीतूनच घ्यायच्या. बाहेर घेतलेल्या गोळ्यांचं बिल लावून पैसे मिळतील या भरवशावर राहू नका.

---

पेन्शनखिडकी

बरोबर, काउंटरवरची लढाई खरी आहे. पण म्हणून वय वंदना सोपी असं होत नाही, तिथे काउंटर वेगळं एवढंच. तिथे आधी तुम्हाला आरोग्यमित्र शोधावा लागतो. योजनेतल्या हॉस्पिटलात त्याचं टेबल असतं, तोच कार्ड तपासून प्री-ऑथ, म्हणजे उपचाराच्या आगाऊ मंजुरीचा अर्ज, टाकतो. आणि हॉस्पिटल "यादीत आहे" याला फार अर्थ नाही, कारण बऱ्याच हॉस्पिटलांना सगळ्या विभागांसाठी मान्यता नसते. एखादं हॉस्पिटल हाडांच्या विभागासाठी असेल आणि हृदयासाठी नसेल. म्हणून आयुष्मानच्या वेबसाइटवर हॉस्पिटल शोधताना राज्य महाराष्ट्र, जिल्हा ठाणे एवढ्यावर थांबू नका. स्पेशालिटीचा रकाना भरून शोधा, आणि जायच्या आधी हॉस्पिटलात फोन करून "या ऑपरेशनला या योजनेत घेता का" हे विचारा. नवी मुंबईतले लोक इथेच फसतात. नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, कामोठे रायगडात. ठाणे टाकून शोधलं की पलीकडच्या नोडमधलं हॉस्पिटल दिसतच नाही.

---

कळवा_नाका

इमर्जन्सीबद्दल लिहितो, कारण पैसे तिथेच अडकतात.

सीजीएचएसचं कार्ड असलेला पेशंट रात्री छातीत दुखतंय म्हणून जवळच्या हॉस्पिटलात गेला. पॅनेलवरचं असेल तर रेफरल लागत नाही, कार्ड दाखवा, भरती करणं त्यांचं काम. पॅनेलवर नसेल तर बिल आपण भरायचं आणि नंतर क्लेम लावायचा. पण पैसे मिळतात सीजीएचएसच्या दराने, हॉस्पिटलच्या दराने नाही. हा फरक लाखांत जाऊ शकतो, तेव्हा जीव स्थिरावला की पॅनेलवरच्या हॉस्पिटलात हलवता येतं का ते डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

क्लेमसाठी कागद: रिइम्बर्समेंटचा फॉर्म, डिस्चार्ज समरी, प्रत्येक बाब वेगळी दाखवणारं बिल, पावत्या, भरती इमर्जन्सीत झाली असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट, सीजीएचएस कार्डाची झेरॉक्स, रद्द केलेला चेक. सगळं मूळ प्रतीत, आणि देण्याआधी पूर्ण सेटची झेरॉक्स स्वतःकडे. पेन्शनरांचा क्लेम जिथे कार्ड जोडलंय त्या वेलनेस सेंटरच्या, म्हणजे डिस्पेन्सरीच्या, सीएमओंकडे (मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे) जातो. मुदत डिस्चार्जपासून सहा महिने. पेशंट दगावला तर क्लेम वारसाच्या नावाने जातो, त्याला प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत लागतं. तो विषय काढायला कुणाला आवडत नाही, पण तेराव्यानंतर धावपळ करण्यापेक्षा आधी ठाऊक असलेलं बरं.

सगळ्यात जास्त परत येणारी क्लेमची फाइल स्टेंट आणि गुडघ्याची. त्यात जे बसवलं, त्याचं पाकीट किंवा त्यावरचा स्टिकर लागतो. बॅच नंबर आणि सिरीयल नंबर असलेला तो छोटा चिकटकागद ऑपरेशन थिएटरमध्ये केस पेपरवर लावतात, आणि केस पेपर हॉस्पिटलकडेच राहतो. डिस्चार्जच्या दिवशी बिलिंगला जाण्याआधी वॉर्डच्या सिस्टरकडून तो स्टिकर आणि इम्प्लांटच्या खरेदीच्या इन्व्हॉइसची प्रत मागून घ्या. महिन्याभराने मागायला गेलं की "रेकॉर्ड रूममध्ये गेलंय" हे उत्तर ठरलेलं.

खासगी मेडिक्लेम असेल तर तोही सोबत वापरता येतो. आधी विमा कंपनीकडे मूळ बिलं लावायची, त्यांनी किती दिले याचं पत्र आणि त्यांनी प्रमाणित केलेल्या बिलांच्या प्रती घेऊन उरलेल्यासाठी सीजीएचएसकडे यायचं. दोन्हीकडून मिळून खर्चापेक्षा जास्त मिळत नाही, एवढंच.

---

वागळे_रोड_नं_२२

मित्रांबद्दलचा प्रश्न तसाच राहिला.

६६ वय, खासगी कंपनी. पहिला प्रश्न: पगारातून ईएसआय (कामगार राज्य विम्याची वर्गणी) कापला जात होता का? वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या हजारो लोकांच्या पगारातून कापला गेला आणि निवृत्तीच्या दिवशी ते कार्ड संपलं असं त्यांनी धरलं. पण किमान पाच वर्षं विमित नोकरी करून जो वयोमानाने निवृत्त झाला, त्याला आणि त्याच्या बायकोला वर्षाला १२० रुपये भरून वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. होय, एकशेवीस, आणि वर्षाचे एकदम आगाऊ. निवृत्तीचा दाखला कंपनीकडून, जुना आयपी (विमाधारक) नंबर आणि दोघांचं आधार घेऊन ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात जायचं. कंपनी बंद पडली असेल तर दाखल्याची अडचण येते, अशा वेळी पीएफचं पासबुक आणि शेवटच्या पगारपावत्या जवळ असाव्यात. ईएसआयचं हॉस्पिटल वागळे इस्टेटमध्येही आहे आणि वाशीलाही. ओपीडीला रांग लांब असते, पण गोळ्या मिळतात.

मधेच राजीनामा देऊन बाहेर पडलेल्याला हा नियम लागू नाही, आणि निवृत्तीच्या वेळी पगार मर्यादेबाहेर जाऊन ईएसआय आधीच बंद झाला असेल तर प्रकरण वेगळं. तेव्हा शेवटच्या वर्षाच्या पगारपावत्या आधी पाहा.

ईएसआय नसेल तर सत्तरीपर्यंतची चार वर्षं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली काही जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, पांढरं रेशनकार्डसुद्धा चालतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. इथेही भरती झाल्यावरचेच उपचार आणि यादीतलेच. कागद दोन: रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र. अडतं ते रेशनकार्डावर. मुलाने वेगळं कार्ड काढताना आई-वडिलांचं नाव कुठल्याच कार्डात राहिलेलं नसतं, किंवा कार्ड जुनं आणि बारा अंकी ऑनलाइन नंबर नाही. ते काम शिधावाटप कार्यालयातून आजच करून ठेवायचं. पेशंट आयसीयूत असताना रेशनकार्ड दुरुस्त होत नाही. मदत क्रमांक १५५३८८, आणि १८०० २३३ २२००.

७० झाल्यावर त्यांनी वय वंदना जरूर काढावं. ईएसआय किंवा खासगी पॉलिसी असली तरी ते काढता येतं, सीजीएचएसवाल्यांसारखी निवडीची अट त्यांना नाही. उत्पन्नाची अट नाही, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात. मदत क्रमांक १४५५५.

---

सानपाडा_सेक्टर

याच धाग्यात विचारतो. केंद्र सरकारी नोकरी, पगाराची लेव्हल ८, पुढच्या वर्षी निवृत्ती. सीजीएचएस वर्षाला भरावं की एकदम? आणि एक हजार रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो म्हणतात, तो घेतला तर?

---

पेन्शनखिडकी

सीजीएचएसच्या वर्गणीचे दर असे: लेव्हल १ ते ५ ला महिना २५० रुपये, लेव्हल ६ ला ४५०, लेव्हल ७ ते ११ ला ६५०, लेव्हल १२ पासून वर १,०००. पेन्शनरने बारा महिन्यांचे भरले तर एक वर्ष, १२० महिन्यांचे एकदम भरले तर आजन्म. तुमचे वर्षाचे ७,८०० किंवा एकदम ७८,०००. साठीत निवृत्त होत असाल तर सत्तरीनंतर तुम्हाला आणि बायकोला ते फुकट पडतं. शिवाय एकदम भरल्यानंतर दर वाढले तरी फरक भरावा लागत नाही, आणि वर्षाचं नूतनीकरण विसरून कार्ड बंद पडण्याचा धोका नाही. हाच धोका मोठा. मार्चमध्ये कार्ड संपलं आणि एप्रिलमध्ये अ‍ॅडमिट व्हावं लागलं, असं होऊ शकतं. ग्रॅच्युइटी हातात येईल तेव्हा भरून मोकळे व्हा.

क्रम असा ठेवा. नोकरीतलं कार्ड खात्यात जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या. ते नसेल तर पुढचं सगळं अडतं. मग सीजीएचएसच्या वेबसाइटवर पेन्शनर कार्डाचा अर्ज: पीपीओ (पेन्शनचा आदेश) किंवा प्रोव्हिजनल पीपीओ, पत्त्याचा पुरावा, फोटो, अवलंबून असलेल्यांचे पुरावे. बायकोला उत्पन्नाची अट नाही. आई-वडिलांना जोडायचं असेल तर त्यांचं उत्पन्न महिना ९,००० अधिक महागाई भत्ता याच्या आत हवं. नाव सगळ्या कागदांवर एकसारखं असू द्या. आधारवर "दत्तात्रय" आणि पीपीओवर "दत्तात्रेय" एवढ्यावर अर्ज परत येतो.

वॉर्ड शेवटच्या मूळ पगारावर ठरतो: ३६,५०० पर्यंत जनरल, ३६,५०१ ते ५०,५०० सेमी-प्रायव्हेट, त्यापुढे प्रायव्हेट. लेव्हल ८ चं तळाचं वेतनच ४७,६०० आहे, निवृत्तीच्या वेळी तुम्ही बहुधा प्रायव्हेटमध्ये असाल. कार्डावर चुकीचा वॉर्ड छापला गेला तर लगेच दुरुस्त करा, कारण पात्रतेच्या वरच्या खोलीचा फरक आपल्याच खिशातून जातो.

एक हजाराचा भत्ता, म्हणजे एफएमए, हा सीजीएचएसच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या आणि ओपीडी न घेणाऱ्या पेन्शनरांसाठी. हद्दीबाहेर राहत असाल तर तीन रस्ते आहेत: नुसता भत्ता, वर्गणी भरून ओपीडी आणि भरती दोन्ही, किंवा ओपीडीऐवजी भत्ता आणि भरतीपुरतं सीजीएचएस. तिसरा कमी लोकांना माहीत आहे, आणि महागड्या गोळ्या चालू नसलेल्या माणसाला तो परवडतो. पर्याय आयुष्यात एकदाच बदलता येतो. सानपाडा हद्दीत येतं का हे पिन कोडवरून आधी तपासा, आणि निवृत्तीनंतर गावी राहायला जाणार असाल तर तिथला पिन कोडही. भत्त्याची नोंद पीपीओवर असताना सीजीएचएस ओपीडी घेतली, तर पुढे वसुली निघते.

---

कोपरी_पूर्व

शिबिराबद्दल एक राहिलं. काही शिबिरांत "आयुष्मान कार्ड" म्हणून आभा काढून देतात. आभा हा आरोग्याच्या कागदपत्रांचा १४ अंकी नंबर आहे, विमा नाही. तो सीजीएचएसवाल्यांनी काढायला हरकत नाही, पण त्यावर हॉस्पिटलात एक रुपयाही माफ होत नाही. छापलेल्या कार्डावर "आयुष्मान वय वंदना" लिहिलंय का ते तिथेच पाहा.

सोसायटीत ज्यांना खरंच काढायचंय त्यांच्यासाठी: कार्ड फुकट आहे, लॅमिनेशनचे वीस-पंचवीस सोडले तर कुणाला पैसे देऊ नका. घरी करायचं तर आयुष्मान अ‍ॅप, बेनिफिशिअरी म्हणून लॉगिन, ७० वर्षांवरच्यांची नोंदणी, आधार नंबर, ई-केवायसी. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपी येणार नाही. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे पुष्कळदा उमटत नाहीत, तेव्हा चेहऱ्याने ओळख पटवायचा पर्याय घ्या. त्यासाठी आधार फेस आरडी हे अ‍ॅप फोनमध्ये आधी टाकावं लागतं, आणि चेहऱ्यावर उजेड समोरून हवा. खिडकीकडे पाठ करून बसवलं की होत नाही.

जन्मतारीख फक्त आधारवरचीच धरतात. आधार काढताना अंदाजाने वय सांगितलेली बरीच ज्येष्ठ मंडळी प्रत्यक्षात ७२ ची आणि कागदावर ६८ ची आहेत. जन्मतारीख आधारमध्ये एकदाच बदलता येते, तेव्हा पासपोर्ट किंवा जन्मदाखला असेल तरच हात घाला. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "आयुष्मान कार्ड अपडेट" नावाची एपीके फाइल आली तर उघडू नका, अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या.

---

मानपाडा_ठाणे

सगळ्यांचे आभार. वडिलांचं काढत नाही. मित्रांना ईएसआयच्या पावत्या शोधायला सांगितलंय. आईच्या गुडघ्यांचं पुढच्या महिन्यात दाखवायचंय. रेफरल घेताना ऑर्थो आणि फिजिशियन दोन्ही लिहून घेतो. एकच शंका: तिचं कार्ड अवलंबून म्हणून आहे, ऑपरेशन झालं तर वॉर्ड कुणाच्या पगारावर?

---

पेन्शनखिडकी

वडिलांच्या. कार्डावर छापलेला असतो तोच, आईच्या कार्डावरही. दाखवायला जाताना तिचं स्वतःचं प्लास्टिक कार्ड न्या, वडिलांचं नाही. बेनिफिशिअरी नंबर प्रत्येकाचा वेगळा असतो.